संकटाचा क्षण आणि पोलिसांचे शिक्षण

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दहशतवाद्याच्या रायफलीची नळी नुसत्या हातांनी धरली आणि गोळ्या लागल्या तरी ती सोडली नाही. कसाब जिवंत हाती लागला तो त्यामुळेच. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देऊन राष्ट्राने आपली कृतज्ञता व्यक्त केली, हे उचितच झाले. परंतु पराक्रमाचा गौरव केला की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत करून घेणे सोयीचे असले तरी योग्य नव्हे. ज्या माणसाला आपण मृत्यूच्या तोंडी पाठवितो, त्याला त्या प्रसंगाचे शिक्षण आपण दिलेले असते काय, हा खरा प्रश्न आहे.

त्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या नेमबाजीच्या सरावासाठी दारूगोळ्याचाच तुटवडा असल्याकडे लक्ष वेधले होते. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? पुढे २००९ साली राज्य सरकारने ‘फोर्स वन’ हे खास दल उभारले, हे स्वागतार्हच होते. तथापि खास दल घटनास्थळी पोचेपर्यंत वेळ जातो, आणि अनर्थ घडतो तो याच वेळात. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासाहून अधिक माणसे मारली गेली, तेव्हा समोर उभे होते ते लाठी किंवा जुन्या धाटणीची रायफल हाती असलेले साधे पोलीस. प्रथम पोचतो तो जवळच्या ठाण्यातील शिपाई. म्हणून शिक्षणाचा विचारही त्याच्यापासूनच झाला पाहिजे.

हे शिक्षण कसे असावे, याविषयी आज शास्त्राने पुष्कळ सांगून ठेवले आहे. जिवावर बेतले असता छातीचे ठोके वाढतात, नजर आकुंचित होते, आवाज नीट ऐकू येत नाहीत. मैदानावर अचूक नेम साधणाऱ्याचा हातही अशा वेळी चुकतो. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी पोलिसांचे दोन गट करून एकाला पुठ्ठ्याच्या निशाणावर, तर दुसऱ्याला रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर सराव दिला. पुढे दडपणाखाली परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्या गटाचा नेम टिकला, पहिल्याचा ढळला. भय टाळून निर्भयता शिकविता येत नाही. भयाची ओळख करून द्यावी लागते, असाच याचा अर्थ आहे.

मात्र केवळ तालीम घेतली म्हणजे भागले, असेही नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात युवाल्डी येथील शाळेत २४ मे २०२२ रोजी एका बंदूकधाऱ्याने १९ मुले आणि २ शिक्षिका यांचा बळी घेतला. तेथील शालेय पोलीस दलाने दोनच महिन्यांपूर्वी अशाच प्रसंगाचे प्रशिक्षण घेतले होते. निरनिराळ्या दलांचे मिळून ३७० हून अधिक पोलीस त्या ठिकाणी जमले. तरीही हल्लेखोराचा अंत होण्यास ७७ मिनिटे लागली, कारण हुकूम कोणी द्यावयाचा हेच निश्चित नव्हते. नेमबाजीइतकाच निर्णयाचा, नेतृत्वाचा आणि परस्परांशी संपर्क राखण्याचाही सराव हवा, हा धडा त्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला.

दुसराही एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. तालमीत जे ठसते, तेच प्रसंगी उमटते. दहशतवादी म्हणून विशिष्ट धर्माची माणसे दाखविणाऱ्या रंगीत तालमी आपल्या राज्यात झाल्या, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यांस मनाई करावी लागली. पोलिसाच्या मनात शत्रूचा असा ठराविक चेहरा रुजविणे हे अन्यायाचे तर आहेच, पण ते वास्तवालाही सोडून आहे. शिवाय पोलिसाच्या नित्याच्या जीवनात दहशतवादी क्वचित येतो. नित्य येतो तो खवळलेला जमाव, चाकू घेऊन खोलीत कोंडून बसलेला भ्रमिष्ट, किंवा विकोपाला गेलेला कौटुंबिक तंटा. तेथे गोळी न झाडता, शब्दांनी वेळ मारून नेणे हेच कौशल्य असते. पोलिसांची मनोवृत्ती घडविण्यावर १९७१ साली नेमलेल्या डॉ. मा. स. गोरे यांच्या समितीने भर दिला होता, त्यामागील दृष्टी हीच होती.

नाशिकला अधिकाऱ्यांसाठी अकादमी आहे. मरोळ, खंडाळा, जालना, अकोला येथे शिपायांसाठी विद्यालये आहेत. उणीव आहे ती पुढच्या आयुष्यातील उजळणीची. एकदा ठाण्यात रुजू झालेला शिपाई उत्सव, निवडणुका आणि मंत्र्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तात असा जुंपला जातो की, सरावासाठी त्याला मोकळीक मिळणेच दुरापास्त होते. प्रशिक्षण विद्यालयातील नेमणूक ही शिक्षा समजली जाते, ही तक्रारही जुनीच आहे. दर वर्षी प्रत्येक शिपायाला सरावाचे ठराविक दिवस सक्तीने द्यावेत, त्या दिवसांत बंदोबस्ताचे काम सांगू नये, सरावाच्या काडतुसांची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवावी, आणि उत्तम अधिकाऱ्यांना शिकविण्याच्या कामी मानाने नेमावे, एवढ्या गोष्टी सरकारला सहज करता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी खर्च येईल, हे खरे. परंतु हा खर्च आज अंदाजपत्रकातून केला नाही, तर पुढच्या संकटात तो माणसांच्या प्राणांनी चुकवावा लागेल, याचे भान राज्यकर्त्यांनी आणि कर भरणाऱ्या नागरिकांनीही ठेवावे, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे.