आराखडा आणि आपली अनास्था

“विकास आराखडा हा सरकारी मामला, धर्मगुरूंनी त्यात पडू नये,” असे सुनावणारे आम्हांला वसईत वारंवार भेटतात. त्यांना आमचा नम्र सवाल आहे: जुलै 2018 मध्ये वसईचा बराच भाग कित्येक दिवस पाण्याखाली होता, ते पाणी धार्मिक होते की प्रापंचिक?

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मांडण्याचा हक्क सामान्य नागरिकाला दिला आहे. मुदत मोजकी असते. आम्ही मात्र जागे होतो ते बुलडोझर दारात आल्यावर! 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे हरित वसईसाठी हजारो माणसे चालली. परंतु नकाशा उलगडून सर्व्हे नंबर तपासणारे आमच्यात आजही थोडेच.

दोष केवळ बिल्डरांचा नव्हे. वाडी विकणारे आपणच, बावखल बुजवून अंगण वाढविणारेही आपणच. पावसाचे पाणी पोटात घेऊन विहिरी गोड्या राखणारी बावखले बुजल्यावर त्या पाण्याने जावे कोठे?

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अशा चर्चेत स्थानिक रहिवाशांसाठी विशेष स्थान मागितले आहे. ते रिकामे ठेवून मागाहून अश्रू ढाळणे हा दांभिकपणा होय. पुढील आराखडा प्रसिद्ध होताच प्रत्येक धर्मग्रामाने तो मराठीत मागावा, सभेत वाचावा, आपली बावखले, नाले व वाड्या त्यावर पडताळून पाहाव्यात आणि लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी. एवढे केल्यानंतरच सरकारला दोष देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचेल.