पॉवर स्टेशन घेताना वॅट नव्हे, वॅट-अवर पाहा!

पोर्टेबल पॉवर स्टेशनच्या जाहिरातीत ‘५०० वॅट’ हा आकडा ठळक असतो. पण एका वेळी किती भार पेलेल, एवढेच तो सांगतो. ते किती वेळ चालेल, हे वॅट-अवरवर ठरते. आणि तो आकडा बहुधा बारीक अक्षरांत शोधावा लागतो.

५०० वॅट-अवरच्या संचातून रूपांतरातील घट वजा जाता साधारण ४२५ हाती लागतात. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा, १० वॅटचा राउटर आणि ९ वॅटचा एलईडी दिवा त्यावर आठ तास चालतो. म्हणजे रात्र निघते. पण घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर रुग्ण असेल, तर ३५० वॅटच्या त्या यंत्राला हाच संच जेमतेम सव्वा तास पुरतो. ‘बॅकअप आहे’ या भरवशावर निर्धास्त राहणे इथे जिवावर बेतू शकते. फ्रिजचेही तसेच, सुरू होताना तो क्षणभर कितीतरी पट वीज खेचतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्यावी. वजन थोडे जास्त, पण टिकते आणि उष्णताही सोसते. तंबूत दिवा, फोन, कॅमेरा एवढ्यासाठी ३०० वॅट-अवर पुष्कळ झाले. मात्र विमानात १६० वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही.

स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना खरे तर जुना इन्व्हर्टरच परवडतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-अवर देते. भाड्याच्या घरात मालक वायरिंगला हात लावू देत नसेल, तर मात्र पॉवर स्टेशनचे पैसे वसूल होतात.