भिंतीवरचा कागद

१९६८ च्या मे महिन्यात पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पाठोपाठ फ्रान्सच्या लक्षावधी कामगारांनी संप पुकारला. त्या दिवसांत तेथील ललितकला विद्यालयाचा ताबा घेऊन विद्यार्थ्यांनी व कलावंतांनी ‘लोककार्यशाळा’ उघडली. २७ जून रोजी पोलिसांनी विद्यालय रिकामे करीपर्यंत तेथून शेकडो नमुन्यांची भित्तिपत्रके निघाली. कोणते चित्र छापावयाचे हे सभेत ठरे. खाली कोणाचीही सही नसे.

ही भित्तिपत्रके लढ्याची हत्यारे आहेत, शोभेच्या वस्तू नव्हेत, असे कर्त्यांनी बजावले होते. आज तीच लिलावात विकली जातात. ज्यांनी सहीदेखील नाकारली, त्यांच्या कामास धनिक मालक मिळावा, ही विटंबनाच होय. तथापि कोणी ती जपलीच नसती, तर पावसात भिजून नाहीशी झाली असती, हेही विसरून चालणार नाही. आमच्या मते यास तोड एकच, सार्वजनिक ग्रंथालय. तेथे कागद टिकतो आणि मालकी समाजाची राहते. राज्यकर्त्यांची बाजू सरकारी दप्तरात आपोआप जपली जाते. संपकऱ्यांची बाजू बहुधा अशा कागदांतच उरते.

हा प्रश्न केवळ पॅरिसचा नव्हे. मुंबईत १९८२ साली सुरू झालेल्या गिरणी संपाची पत्रके ज्यांच्या ट्रंकेत असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाचे दार ठोठवावे. आणि ग्रंथपालांनी ते उघडावे.