रिपोर्टमध्ये काही निघालं नाही!

आमच्या जुन्या जालन्यात नाकाच्या तक्रारीला कोणी आजार समजतच नाही. नाक चोंदलं की सायनस, रक्त आलं की उन्हाने घोळणा फुटला. कांदा हुंगवा, टाळूवर पाणी थापा. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं, हेही खरं. पण एकाच बाजूचं नाक महिनोन् महिने बंद, त्यातून रक्त, घाण वासाच्या खपल्या, चेहऱ्यावर सूज... तर मंडळी, कांदा बाजूला ठेवा.

एनके/टी-सेल लिम्फोमा नावाचा एक दुर्मिळ कॅन्सर असा सुरू होतो. चीन, कोरिया, जपान, दक्षिण अमेरिका इकडे जास्त, आपल्याकडे क्वचित. त्यामागे एपस्टाइन-बार विषाणू असतो. तो लहानपणी जवळपास सगळ्यांनाच होऊन जातो, कॅन्सर मात्र फार थोड्यांना होतो. पुढे टाळूला भोकही पडतं. २०२१ मध्ये म्युकरने काळे पडलेले टाळू आपण मराठवाड्यात पुष्कळ ऐकले. हा आजार वरवर तसाच दिसतो, त्यामुळे बुरशी किंवा टीबी समजून उपचार चालू राहतात.

खरी गोम तपासणीत आहे. हा कॅन्सर रक्तवाहिन्यांत घुसून त्या बंद पाडतो, म्हणून वरचं मांस मरतं. तुकडा वरवरचा घेतला तर रिपोर्टात फक्त 'मृत पेशी' येतात. आणि घरात पेढे! माझं स्पष्ट मत आहे, त्रास चालू असेल तर या रिपोर्टाला 'काही नाही' म्हणू नये. पुन्हा, खोलवरचा तुकडा मागावा. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' म्हणणाऱ्या काकांना चहा द्यावा, सल्ला घेऊ नये.

घाई एवढ्यासाठी, की नाकापुरता असताना रेडिएशन आणि अ‍ॅस्परॅजिनेजवर आधारलेली केमो दिली तर निम्म्याहून बरेच जास्त रुग्ण पाच वर्षांनंतरही असतात. नेहमीची 'चॉप' केमो इथे फारशी चालत नाही. शरीरभर पसरल्यावर मात्र गोष्ट बहुधा महिन्यांची उरते.

रेडिएशनची सोय साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात आहे. निदानाची शंका असेल तर आधी पेशंटला मुंबईला हलवायलाच हवं असंही नाही. लॅबमधून मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. नातेवाईकाने त्या टाटाला नेल्या तरी सीडी५६ आणि विषाणूची चाचणी त्याच तुकड्यावर होऊ शकते.