वर्गात साखर खाण्याची मुभा

आज १४ नोव्हेंबर. शाळांत बालदिनाचे फुगे, दवाखान्यांत मधुमेह दिनाचे फलक. इन्सुलिनच्या शोधाचे मानकरी फ्रेडरिक बँटिंग १८९१ साली याच तारखेला जन्मले, म्हणून हा योग जुळून आला. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांना मात्र हे दोन्ही दिवस एकाच वर्गात बसून काढावे लागतात.

या आजारात शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, ते बाहेरून घ्यावे लागते. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते पहिल्यांदा टोचले गेले. तोवर अशा मुलांच्या हाती फार दिवस नसत. आता ती शिकतात, खेळतात, दहावीला बसतात. पण एकदा टोचलेले इन्सुलिन माघारी घेता येत नाही. डबा अर्धा राहिला, पीटीच्या तासाला कबड्डी लांबली, की साखर ७०च्या खाली. हात थरथरतात, कपाळाला घाम फुटतो, पोटात खड्डा पडतो. मूल उगाच चिडते, नाहीतर फळ्याकडे नुसते बघत राहते. बाई ओरडतात, ‘लक्ष कुठंय तुझं?’

उपाय घरात सापडेल असा आहे. ग्लुकोजची पूड किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, लहानग्याला जरा कमी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, चढली नसेल तर पुन्हा तेवढीच. पेढा-चॉकलेट यावेळी कामाचे नाही, स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नये. ग्लुकागॉनचे इंजेक्शन द्यावे आणि तातडीने दवाखाना गाठावा.

घोडे अडते ते परवानगीपाशी. तास चालू असताना खायचे नाही, हा नियम. त्यावर ‘शुगर आहे ना तुला, मग गोड कसं खातोस?’ हे शहाणपण, शेजारणीपासून शिपाईमामांपर्यंत सगळ्यांकडे मुबलक. आणि वर्ग हसेल या धास्तीने मूल मधल्या सुट्टीपर्यंत कळ काढते. आईबापही कमी नाहीत. मुलीचे पुढे लग्न जमायचे आहे म्हणून कित्येक जण शाळेला कळवतच नाहीत. त्यांची भीती खोटी नाही, पण भोवळ मुलीला येते.

सीबीएसईने २०१७ साली अशा परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे, पाणी परीक्षेच्या खोलीत नेऊ दिले. उत्तम झाले. परीक्षा वर्षातून मोजक्या दिवशी, तास मात्र रोज. मग हीच मोकळीक वर्गात, मैदानावर, सहलीच्या बसमध्ये का नको? तिला ना निधी लागतो ना समिती. टेबलाच्या खणात ग्लुकोजचा डबा, वर्गशिक्षकांना आणि बाकावरच्या सोबत्याला लक्षणांची ओळख, आणि न विचारता तोंडात गोळी टाकायची सूट, एवढेच. भाषणे उरकली की मुख्याध्यापकांनी या मुलांच्या पालकांना आजच शिक्षकांच्या खोलीत दहा मिनिटे बोलवावे.