रोगाची ‘कमाई’

जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे आढळली. इमारतींत राहणाऱ्यांत हे प्रमाण अवघे १६ टक्के होते. गरिबांनी सामूहिक प्रतिकारशक्ती कमावली, असे तेव्हा बोलले गेले. दाटीवाटीच्या वस्तीने आणि सामाईक संडासांनी लादलेल्या रोगाला कमाई म्हणणे, ही वरच्या वर्गाचीच दृष्टी होय.

ती शास्त्रालाही धरून नव्हती. ब्राझीलमधील मानाउस शहरात ऑक्टोबर २०२० पर्यंत सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज होता. तरीही जानेवारी २०२१ मध्ये तेथे दुसरी लाट उसळली, रुग्णालयांतील प्राणवायू संपला, माणसे गुदमरून मेली. जुनी प्रतिपिंडे ओसरत होती; शिवाय ‘गॅमा’ या नव्या उपप्रकाराच्या काटेरी प्रथिनात असे बदल झाले होते की, उरलेल्या प्रतिपिंडांना त्याची ओळख नीट पटेना.

संसर्गानंतरची प्रतिकारशक्ती निरर्थक नव्हे. गंभीर आजारापासून ती बरेच रक्षण करते. लशीची जोड मिळाल्यास अधिक व्यापक होते. परंतु लशींवरील बौद्धिक संपदेचे हक्क स्थगित करावेत, हा भारत व दक्षिण आफ्रिकेचा ऑक्टोबर २०२० चा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ पर्यंत रखडला आणि अखेर काटछाट होऊनच संमत झाला.

विषाणू रूपे बदलतच राहणार. श्रमिकांच्या देहाची ढाल करण्याऐवजी मोफत लस, आजारपणात भरपगारी रजा आणि सक्षम सरकारी दवाखाने यांसाठी लढा उभारणे, हेच आपले कार्य आहे.