शाळेत निवारा नको, हे बरोबर. पण मग निवारा कुठे?

पवना धरणातून पाणी सोडलं की पिंपरी-चिंचवडच्या नदीकाठच्या वस्त्यांत धावपळ सुरू होते. गाद्या, शेगडी, रेशनकार्डाची पिशवी आणि मुलांची दप्तरं उचलून लोक जवळच्या पालिका शाळेत जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं, जुलै २०२४ मध्येही हेच झालं. बाकं भिंतीला सरकवायची, वर्गात सतरंज्या अंथरायच्या, व्हरांड्यात चहा-खिचडीची भांडी. पाणी उतरलं की लोक परत जातात आणि शाळा भरते. शहराला ही पद्धत इतकी सवयीची झाली आहे की यात काही प्रश्न आहे असं कुणाला वाटतही नाही.

प्रश्न आहे, आणि तो आपल्याकडेच आहे असं नाही. ९ जानेवारी २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये वादळाच्या भीतीने तंबूत राहणाऱ्या जवळपास दोन हजार स्थलांतरितांना ब्रुकलिनमधल्या जेम्स मॅडिसन हायस्कूलमध्ये एका रात्रीसाठी हलवलं. दुसऱ्या दिवशी त्या शाळेचे वर्ग ऑनलाइन घ्यावे लागले आणि पालक भडकले. त्याआधीच, जुलै २०२३ मध्ये, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने सरकारी मदत घेणाऱ्या शाळा स्थलांतरितांच्या निवाऱ्यासाठी वापरू नयेत असं विधेयक मंजूर केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, पण तशी बंदी राज्य पातळीवर घालावी ही मागणी तिथे सुरूच राहिली. या वादात एका बाजूला पालक आणि दुसऱ्या बाजूला परके, अशी सरळ फाळणी झाली होती.

आपल्या पट्ट्यात ती फाळणी लागू पडत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या शंभराहून अधिक शाळांत मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा सगळ्या माध्यमांत कोण शिकतं ते एकदा वर्गात डोकावून पाहावं. बीड, लातूर, नांदेडहून आलेल्यांची मुलं, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्यांची मुलं, वेल्डरची, रिक्षावाल्याची, भंगारवाल्याची, हेल्परची मुलं. ज्यांच्याकडे दोन पैसे आहेत त्यांनी केव्हाच खासगी शाळा धरली. म्हणजे संकटात ज्याला निवारा लागतो, त्याचंच मूल त्या शाळेच्या पटावर असतं. शाळा निवाऱ्याला दिली तर शिक्षण त्याचंच थांबतं, आणि शाळेचं दार बंद ठेवलं तर रस्त्यावर तोच राहतो.

आता आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते पाहू. शाळेची इमारत निवाऱ्यासाठी किती दिवस वापरता येईल, कशी वापरता येईल, याची मर्यादा नेमकेपणाने सांगणारा वेगळा कायदा महाराष्ट्रात नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मधल्या कलम ६५ नुसार बचावकार्यासाठी कुठलीही जागा ताब्यात घेता येते, आणि मुदत काय, तर गरज असेल तितकी. पालिकेच्या स्वतःच्या शाळेसाठी तर तेवढंही लागत नाही, आयुक्तांचा एक आदेश पुरतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामांपासून थोडं संरक्षण दिलं आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून दुसरी कामं त्यांना लावता येत नाहीत. पण हे कलम शिक्षकापुरतं आहे. वर्गखोलीबद्दल ते गप्प आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये शाळांमध्ये सशस्त्र दलांचे तळ नकोत असा स्पष्ट आदेश दिला होता, तो अशांत भागांसाठी. पुरासाठी, टाळेबंदीसाठी, पाडकामानंतर उघड्यावर आलेल्यांसाठी असं काही लिहिलेलं नाही.

टाळेबंदीचा विषय निघाला की चाकणचा तो एप्रिल आठवतो. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला: स्थलांतरित मजुरांसाठी तात्पुरते निवारे उभारा, जेवण द्या, घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये, मालकांनी पगार कापू नये. राज्यभर शाळा उघडल्या गेल्या, पिंपरी-चिंचवडमध्ये पालिकेच्या शाळाही. पण म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे इथल्या चाळींत एका खोलीत सहा-आठ जण राहणाऱ्या पोरांचं काय? तीन पाळ्यांत काम चालू असताना ती खोली पुरते, कारण निम्मे कामावर असतात. कारखाने बंद पडले आणि सगळे एकाच वेळी त्या खोलीत आले. पुणे-नाशिक महामार्गाने चालत निघालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. ८ मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातून घराकडे निघालेले होते.

त्या वेळच्या व्यवस्थेचं कौतुक करताना एक गोष्ट आपण विसरतो. शाळा तेव्हा रिकाम्याच होत्या. मार्चच्या मध्यापासून राज्यातल्या शाळा बंद होत्या, म्हणून कुणाचा वर्ग गेला नाही. उद्याचं संकट सुट्टी बघून येणार नाही. पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, शाळा जूनच्या मध्यावर सुरू झालेल्या असतात. पहिली चाचणी तोंडावर असते. स्वच्छतागृहं शाळेच्या पटाच्या हिशोबाने बांधलेली असतात, दोनशे कुटुंबांच्या नव्हे. मुलींच्या स्वच्छतागृहाचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. निवारा आठवडाभर लांबला तर मोठ्या मुली शाळेत यायच्या थांबतात, आणि एकदा थांबलेली मुलगी परत आणणं किती जड जातं हे आपल्या उर्दू शाळांतल्या बाई जास्त चांगलं सांगतील.

पूर निदान उतरतो. घरच गेलं तर? फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत पालिकेने आठशे एकरांवर पसरलेल्या परिसरातली चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली. भंगार, प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड यांचे धंदे, आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे मजूर. त्यात आपल्या समाजातले, उत्तर प्रदेशातून येऊन वीस-वीस वर्षं इथे काढलेले लोक बरेच होते. बांधकामं अनधिकृत होती, आग आणि प्रदूषणाच्या तक्रारी होत्या, हे पालिकेचं म्हणणं. कोर्टातही विषय गेला होता. त्या वादात इथे पडत नाही. मुद्दा एवढाच की महिना फेब्रुवारीचा होता, वार्षिक परीक्षा जवळ आलेल्या. पुरात वाहून गेलेल्या घराला ‘आपत्ती’ हा शब्द लागतो आणि शाळेचं दार उघडतं. जेसीबीने पाडलेल्या घराला तो शब्द कुणी लावत नाही. मुलाच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय? दप्तर दोन्हीकडे पत्र्याखालीच गेलं.

म्हणून शाळेच्या वापरावर मर्यादा घालणारा कायदा हवा असं मला वाटतं, पण एका अटीवर. निवारा कुठे हे त्याच कायद्यात लिहिलेलं हवं. नुसती बंदी म्हणजे पावसात उभ्या माणसासमोर दार लावून घेणं.

निवाऱ्याचं गणित काही अवघड नाही. शहरी बेघरांच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टात झालेल्या सुनावण्यांतून आणि केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानातून एक निकष पक्का झालेला आहे: दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय असलेला एक कायमस्वरूपी निवारा, वर्षभर, चोवीस तास चालणारा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने सतरा निवारे, सतराशे माणसांची जागा. शहर त्यानंतर कुठल्या कुठे वाढलं. पण हा हिशोब पालिकेच्या सभेत कधी मांडला गेला तर नदीकाठ सुधारण्याच्या आराखड्याइतका वेळ त्याला मिळेल का, याची मला शंका आहे.

आणि सगळा भार पालिकेवर का? चाकण, म्हाळुंगे, तळवड्याच्या कारखान्यांना स्वस्त हात हवे असतात, त्या हातांना झोपायला जागा कुणी द्यायची? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात उत्तर होतं: ठेकेदाराने राहण्याची योग्य सोय करायची, त्याने नाही केली तर मूळ मालकाने. पाळलं कितपत गेलं ते सोडा, कागदावर तरी होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा गेला. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ६० मध्ये स्थलांतरितांबद्दलची मालकाची कर्तव्यं दिली आहेत, पण त्यांत राहण्याच्या जागेचा उल्लेख नाही. पूर्वीचा विस्थापन भत्ताही नाही. २०२० च्या जुलैमध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरकुलांची योजना आणली, त्यात कारखानदारांना स्वतःच्या मोकळ्या जागेवर कामगारांसाठी निवास बांधायची मुभा होती. मुभा होती, सक्ती नव्हती. चाकणच्या कुठल्याही चौकात सकाळी उभं राहिलं की त्या मुभेचं पुढे काय झालं ते कळतं.

दुसरीकडे झालंय. केरळमध्ये पालक्काडजवळ कंजिकोड औद्योगिक क्षेत्रात सरकारने ‘अपना घर’ हे सहाशेहून अधिक खाटांचं वसतिगृह बांधलं, २०१९ पासून ते चालू आहे, खास परराज्यातल्या कामगारांसाठी. ओडिशाने तर शाळेचा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर त्यांनी किनाऱ्यावर आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारे बांधले, आणि त्यांतले बरेच शाळेच्या आवारात आहेत. इमारत निवारा म्हणूनच बांधलेली, उंच जोत्याची, जिन्याची, वेगळ्या स्वच्छतागृहांची. एरवी तिथे वर्ग भरतात. आपण शाळेचा निवारा करतो, त्यांनी निवाऱ्यात शाळा भरवली. पिंपळे, सांगवी, पिंपरी या नदीकाठच्या भागांत पालिका नवी शाळा बांधते तेव्हा असा एक मजला का असू नये?

समाज म्हणून आपला वाटाही थोडा बोलू. मे २०२० मध्ये पुण्याच्या आझम कॅम्पसने आपल्या मशिदीतली जागा विलगीकरणासाठी देऊ केली होती, ८० जणांची सोय. इचलकरंजीत त्याच रमजानमध्ये लोकांनी जकातीतून ३६ लाख रुपये उभे करून सरकारी रुग्णालयाला अतिदक्षता विभाग दिला. म्हणजे जागा आणि पैसा दोन्ही उभे राहतात. शादीखाने, जमातखाने, मदरशांचे हॉल पिंपरी-चिंचवडमध्येही आहेत, तशीच मंगल कार्यालयं, समाजमंदिरं, पालिकेची नाट्यगृहं आणि क्रीडासंकुलंही आहेत. या सगळ्यांची यादी आधी करून ठेवली आणि शाळा त्या यादीत सर्वांत शेवटी टाकली, वर मुदत घातली, समजा तीन दिवस, तर अर्धा प्रश्न कायदा न करताही सुटेल.

ज्यांची घरं गेली किंवा बदलली त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो. जन्मदाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. वस्ती हलली तरी मुलाचं नाव पटावरून निघू देऊ नका. मुख्याध्यापक टाळाटाळ करत असतील तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. पावसाळ्याआधी प्रत्येकात आपत्कालीन आराखडा तयार होतो, आणि नदीकाठच्या कुठल्या वस्तीला कुठली शाळा ते त्यात लिहिलेलं असतं. आपल्या वस्तीसमोर कुठल्या शाळेचं नाव आहे, ते मे महिन्यातच जाऊन बघता येतं. त्या शाळेत आपलीच मुलं असतील तर त्याच टेबलावर दुसऱ्या जागेचा अर्जही देता येतो.